पोटात पेज, भुईवर शेज

जयवंती, तू गेलीस त्याला आज पंचवीस दिवस झाले. मसोलीतल्या शेजारणी येतात आणि सांगतात, "हेमाताई, एकदा रडून घ्या, मोकळं वाटेल." मला रडू येत नाही. राग येतो. सकाळी चहा गाळताना येतो, शाळेत मुलांच्या चित्रकलेच्या वह्या बघताना येतो, आणि सगळ्यात आधी तो तुझ्यावरच येतो.

रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते, बरं वाटलं म्हणून बंद करायची नसते, हे तू तुझ्या पाड्यातल्या एकेका म्हातारीला ओरडून सांगायचीस. मी स्वतः ऐकलंय. आणि तुझ्या पत्र्याच्या पेटीत तुझ्या लेकीला, अनिताला, गोळ्यांच्या चार अख्ख्या पट्ट्या सापडल्या. एकही गोळी काढलेली नाही. मी विचारायचे तेव्हा "घेते गं ताय, घेते" म्हणायचीस. खोटारडी.

त्या दिवशी अंगणवाडीत पोरांची वजनं घेता घेता तू काट्याशेजारी बसलीस, "डोकं लय दुखतंय" म्हणालीस आणि तिथंच आडवी झालीस. मदतनीस बाईला वाटलं, दमली असेल. पोरांना वाटलं, बाई झोपायचा खेळ खेळतायत. त्यांनी तुझ्याभोवती बसून तुझंच गाणं म्हणायला सुरुवात केली. मदतनीस बाईनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पुढं जीप मिळायला पाऊण तास, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्याकडे, आणि वाटेतच तू संपलीस. ते सगळं सांगून काय उपयोग. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

तुला आठवतं, आपण पहिल्यांदा भेटलो ते डहाणूच्या शिबिरात? अंगणवाडी सेविकांना चित्रांचे तक्ते करायला शिकवायला मला बोलावलं होतं. मी फळ्यावर एक घर काढलं. घरात आई, आईच्या समोर पोळपाट. तू शेवटच्या रांगेत होतीस. हात वर केलास आणि म्हणालीस, "मॅडम, तुमच्या चित्रातली आई सारखी पोळ्याच का लाटते? ती कामाला जात नाय का?" सगळ्या हसल्या. मी पण हसले, पण मनातून मला तुझा राग आला होता. पहिला राग तो.

जेवणाच्या सुट्टीत तू माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि माफी न मागता थेट विचारलंस, "तुम्ही निजलेली पोरं काढता का?"

"काढते की."

"मग माझी काढा. माझी पोरं चित्र बघून झोपतील, असं पायजे."

तू मला चार ओळी म्हणून दाखवल्यास. त्या इथं लिहिते, कारण त्या कुठंच तुझ्या नावानं धड लिहिलेल्या नाहीत.

पोटात पेज, भुईवर शेज,
कौलातून सांडलं चांदाचं तेज.
कोंबडी निजली, निजली गाय,
डोसीच्या पोटावर कुणाचा पाय?

तुझ्या पाड्यात आजीला डोसी म्हणतात, हे मला माहीत होतं. आमच्या चिकूच्या वाडीवर कामाला येणाऱ्या बायकांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेला शब्द. पण तो पुस्तकात असू शकतो, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी विचारलं, "हे पारंपरिक आहे का?" तू माझ्याकडे असं बघितलंस की आजही लाज वाटते. "मी केलंय," म्हणालीस. "खिचडी खाल्ल्यावर पोरं झोपत नायत. ती झोपली की मना फॉर्म भरता येतात. म्हणून केलं."

एवढंच कारण सांगितलंस तेव्हा. खरं कारण बऱ्याच महिन्यांनी सांगितलंस, चारोटीच्या हॉटेलात. अनिता सहा वर्षांची असताना तू तिला आश्रमशाळेत टाकलंस. पहिल्या सुट्टीला ती घरी आली ती मुकी झाल्यासारखी. झोपताना भिंतीकडे तोंड करायची. विचारलं तर म्हणाली, "तिथं कुणाचा पाय लागत नाय." घरी सात पोरांत निजलेली पोर, तिथं आपल्या चटईवर एकटी. मग तू ओळी जुळवायला लागलीस, तिनं पाठ करून बरोबर न्याव्यात म्हणून. दर सुट्टीला एक नवं गाणं. तू मला हे सांगत होतीस आणि मागं हायवेवरून ट्रकमागून ट्रक चालले होते, आणि मी रडले होते. तू नाही रडलीस. "भजी गार होतायत," म्हणालीस.

चारोटी आपल्या दोघींना मधोमध पडायची. मी डहाणूजवळच्या मसोलीहून यायचे, तू तलासरीकडून शेअरच्या जीपनं. दर दुसऱ्या शनिवारी त्याच हॉटेलात, कोपऱ्यातलं टेबल. झोपेची गाणी आपण असल्या गोंगाटात बसून केली, जिथं स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. तू ओळ म्हणायचीस, मग टेबलावर बोटांनी ताल धरून पुन्हा म्हणायचीस, आणि एक अक्षर जरी जास्त झालं तरी तोंड वाकडं करायचीस. "इथं पोर जागं होईल," म्हणायचीस. यमक कसं असावं यावर मी बरंच काही वाचलंय. तुझ्या या वाक्याच्या जवळपास जाणारं कुणी काही लिहिलेलं नाही.

तिथंच आपण भांडायचो. मला पुस्तक हवं होतं, तुला नको होतं. "झोपायच्या वेळी पुस्तक? पुस्तक वाचायला दिवा लागतो. दिवा लावला की पोर जागं." मी म्हणायचे, आई वाचून दाखवते, चित्र दाखवते, मूल चित्र बघत बघत झोपतं, शहरात असंच करतात. तू म्हणायचीस, "ज्या आयला वाचता येत नाय, तिनं काय करायचं?" मी म्हणायचे, चित्र बघून म्हणेल, गाणं तर तिला पाठच असेल. या एका मुद्द्यावर तू गप्प झालीस. दोन शनिवार आलीच नाहीस. तिसऱ्या शनिवारी आलीस आणि म्हणालीस, "चालेल. पण पुस्तकात भुई भुईसारखी पायजे. माझ्या पोरांनी आजपर्यंत पुस्तकात भुईवर निजलेलं पोर बघितलं नाय."

जयवंती, हे वाक्य तू मला स्वच्छ सांगितलं होतंस. मला ऐकू आलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. ट्रक सुद्धा जात नव्हता तेव्हा.

मग मुंबईची ती संस्था आली. लहान मुलांची पुस्तकं काढणारी, चांगल्या कागदावर छापणारी. त्यांच्या संपादकबाईंना मी तुझी सहा गाणी पाठवली. त्यांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात अक्षरशः उड्या मारल्या. "किती गोड आहे," त्या म्हणाल्या. गोड. मग हळूहळू एकेक. डोसी कुणाला कळणार नाही, आजी करूया. पेज म्हणजे गरिबी वाटते, झोपायच्या गोष्टीत मुलाला सुरक्षित वाटलं पाहिजे, दूध करूया. भुईवर शेज म्हणजे जरा उदास. मी प्रत्येक वेळी म्हणाले, "विचारून सांगते." आणि प्रत्येक वेळी तुला न विचारता "चालेल" कळवलं. मला वाटलं, आधी पुस्तक तर निघू दे. पहिलं पुस्तक. माझं पहिलं पुस्तक. बघ, लिहितानाही "आपलं" आलं नाही.

छापून आलं ते असं:

कपात दूध, मऊ मऊ गादी,
चांदोबा म्हणतो, झोप बघू आधी.
टेडी झोपला, झोपली माऊ,
आजीला पापा देऊन झोपी जाऊ.

यमक जुळतं. हेच मला सगळ्यात जास्त छळतं. कानाला काही खटकत नाही. दुकानात कुणी आई ते पुस्तक उचलेल, चार ओळी वाचेल आणि म्हणेल, छान आहे. त्या ओळींखाली एक घर पुरलंय, हे तिला कशावरून कळणार?

पुस्तकाचं नावच "मऊ मऊ गादी". मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात माझं नाव, चित्रांसाठी. तुझं नाव शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि त्याच्यापुढं काय तर "पारंपरिक गीतांचे संकलन". मी फोन केला, म्हणाले, अहो ही तिनं लिहिलेली आहेत. संपादकबाई म्हणाल्या, "हो का? पण मूळ तर लोकगीतंच असणार ना. त्यांच्याकडे असं सगळं सामूहिकच असतं." म्हणजे तुमच्याकडे सामूहिक, आमच्याकडे स्वतःचं. मी फोनवर काय म्हणाले माहीत आहे? "बरं."

आणि एवढं करून त्यांना कडेनं वारली चित्रांची पट्टी हवी होती. शब्दांतून तुझं घर काढून टाकलं आणि मग कडेला तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच काढायचा, पुस्तक कुठलं ते कळावं म्हणून. एवढं मात्र मी तुला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा तू एकच वाक्य बोललीस. "ताय, झोपताना आमची पोरं त्रिकोणाची नसतात."

पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मी तुझ्या पाड्यावर आले तो दिवस. तू ओट्यावर बसून वाल निवडत होतीस. हात पदराला पुसलेस, पुस्तक घेतलंस, पहिलं पान उघडलंस. त्यावर एक गोरी मुलगी, पांढरा पलंग, खिडकीला निळे पडदे. तू बराच वेळ बघत राहिलीस. मग विचारलंस, "हे कुणाचं घर हाय?"

मी म्हणाले, "त्यांनी असंच काढायला सांगितलं गं."

पानं उलटलीस. वाचताना तुझे ओठ हलायचे, ते हलायचे थांबले. पुस्तक मिटलंस, आणि चहा ठेवायला आत गेलीस. मी चहा प्यायले आणि निघाले. निघताना तू नेहमी फाट्यापर्यंत यायचीस. त्या दिवशी आली नाहीस.

आठ दिवसांनी तू मसोलीला आलीस. उन्हातून, पिशवीत तोच गठ्ठा. पायरीवर ठेवलास. तेव्हा तू चिडून बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू अगदी साध्या आवाजात सांगितलंस, "अंगणवाडीत दाखवलं. बारकी सविता पलंगाकडे बोट करून बोलली, बाई, ह्या पोरीला काय झालंय? दुसरी बोलली, ती दवाखान्यात हाय, मरणार हाय. सगळी पोरं घाबरली. झोपली नायत कोण." मग म्हणालीस, "पलंग आणि पडदा त्यांनी दवाखान्यातच बघितलाय, ताय."

"आत ये," मी म्हणाले.

"जीप चुकेल," म्हणालीस, आणि गेलीस.

त्यानंतर दीड वर्ष आपण धड बोललो नाही. दिवाळीला फोन, रुहीच्या बारशाला मी आले, तू माझ्या पानात वाढलंस, बस. तुझी लेक आई झाली आणि तू आजी, डोसी झालीस, आणि मी पाहुण्यासारखी पाट अडवून बसले होते. तू वरवर चांगली वागायचीस, त्याचाही मला राग यायचा. भांडली असतीस तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. पुस्तक निघालं हेच मोठं आहे, पुढच्या पुस्तकात बघू, बाहेरच्या जगात असं चालतं. रोज मनात म्हणून म्हणून पाठ झाली होती. तू विचारलंच नाहीस.

आणि मग तू जायच्या आठवडाभर आधी तुझा फोन आला. "ताय, मना तुला कायतरी विचारायचंय."

"विचार ना."

"फोनवर नाय. चारोटीला ये."

मी म्हणाले, "परीक्षा चालू आहेत गं, त्या संपल्या की येते." तू "बरं" म्हणालीस. परीक्षा म्हणजे काय, पाचवी-सहावीची चित्रकलेची तोंडदेखली परीक्षा. एक शनिवार काढता आला असता. मी तो मुद्दाम काढला नाही. मला भीती वाटली, तू काय विचारशील याची. आता तू काय विचारणार होतीस हे मला कधीच कळणार नाही. अनितालाही माहीत नाही. यासाठी मी तुला माफ करू, की स्वतःला, की कुणालाच नको, मला काही समजत नाही.

तेराव्यानंतर तलासरीला तुझ्यासाठी शोकसभा झाली. तू असतीस तर हसली असतीस. तुझा हार घातलेला फोटो, शेजारी समई, आणि भाषणं. जे तुझ्या अंगणवाडीच्या गळक्या छपराचा अर्ज तीन वर्षं वाचत नव्हते, ते तुला "मातृहृदयी" म्हणत होते. पुढच्या रांगेत अनिता, तिच्या मांडीवर रुही, आणि शेजारी तुझी सासू, जिला सगळा पाडा डोसी म्हणतो. संस्थेकडून एक गृहस्थ आले होते. त्यांनी पुस्तक उघडलं आणि डोळे मिटून, गळा काढून वाचलं, "कपात दूध, मऊ मऊ गादी." मग म्हणाले, "या मातीतला हा पारंपरिक ठेवा जयवंतीताईंनी जपला. त्यांच्या स्मरणार्थ आम्ही याची नवी आवृत्ती काढतो आहोत. त्यांच्या फोटोसह."

टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या.

मी उभी राहिले. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "तिनं जपलं नाही. तिनं लिहिलं. आणि तुम्ही वाचलंत ते तिनं लिहिलेलं नाहीच." आणि मी तुझ्या ओळी म्हटल्या. पोटात पेज, भुईवर शेज. दुसऱ्या ओळीला माझा आवाज फुटला. पुढच्या ओळी माझ्याऐवजी मागं उभ्या असलेल्या बायकांनी म्हटल्या. तुझ्या पाड्यातल्या, कामावरून थेट आलेल्या. "कुणाचा पाय" आल्यावर त्या सवयीनं हसल्या, मग तोंडाला पदर लावले. ते गृहस्थ म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो." मी म्हणाले, "समजू नका. दुरुस्त करा. नाहीतर माझी चित्रं वापरू नका."

ते दुरुस्त करणार नाहीत, जयवंती. चौथ्या दिवशी पत्र आलं. चित्रांचे हक्क त्यांच्याकडे आहेत, सही माझीच आहे, आणि मला आक्षेप असेल तर ते दुसऱ्या चित्रकाराकडून काढून घेतील. शब्दांबद्दल पत्रात काहीच नाही. पारंपरिक शब्दांबद्दल कुणाला काय विचारायचं? मी उलट पत्र पाठवलंय. अजून उत्तर नाही. मी पाठवत राहणार.

पण हे सगळं मी आधी सांगितलं, कारण पुढचं सांगायला जड जातंय.

सभा संपल्यावर मला वाटत होतं, मी काहीतरी केलं. बाहेर अनिता रुहीला कडेवर घेऊन उभी होती. मी तिच्याजवळ गेले. मला वाटलं, ती माझ्या गळ्यात पडेल. ती म्हणाली, "मावशी, आय जिती होती तेव्हा का नाय उभी राहिलीस?"

तिचा आवाज तुझ्यासारखाच, साधा. जीपमध्ये, घरी, रात्रंदिवस तेच वाक्य. आणि त्याच्या मागं जे दडलंय ते ती बिचारी तेव्हा जाणतही नव्हती. तूही जाणत नव्हतीस. तर ऐक.

पलंग त्यांनी काढायला सांगितला नव्हता.

त्यांनी शब्द बदलले, गादी आणली, हे खरं. पण गादी भुईवरही घालता येते. कडेची पट्टी सोडली तर चित्रांबद्दल संपादकबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "तुम्हाला सुचेल तसं काढा." मला पलंग सुचला. मला पडदे सुचले, निळे, माझ्या माहेरच्या वाडीतल्या माडीवर होते तसे. मी तुझ्या घरात किती वेळा भुईवर बसून जेवले, सात पोरांची रांग डोळ्यांनी बघितली, आणि कागद समोर आला तेव्हा माझा हात सरळ माझ्या घरी गेला. मला ते चित्र सुंदर वाटलं होतं. आणि तू विचारलंस तेव्हा मी सगळं त्यांच्यावर ढकललं. तू शेवटपर्यंत त्यांनाच दोष दिलास आणि माझ्या पानात वाढत राहिलीस.

किंवा तुला कळलं होतं. तू माझा हात ओळखत होतीस. त्या माडीच्या खिडकीशी बसून आपण एकदा चिकू खाल्ले होते, निळे पडदे तू बघितले होतेस. चारोटीला बोलावून तू हेच विचारणार होतीस का? मला आता तू "नाय" म्हणालीस तरी पटणार नाही.

हे मी अनिताला सांगितलं. पाच दिवसांपूर्वी, तुझ्याच ओट्यावर बसून. तिनं ऐकून घेतलं. ओरडली नाही, समजूतही काढली नाही. एवढंच म्हणाली, "मग आता नीट काढ."

मी काढली. तीन दिवस शाळेला रजा टाकून सहाही गाण्यांची चित्रं पुन्हा काढली. सारवलेली भुई, एकच मोठी गोधडी, सात पोरं, मध्ये डोसी, कौलाच्या फटीतून चांदाचा कवडसा. हे मला आधीही जमलं असतं. त्यात अवघड काही नव्हतं. तेव्हा जमवलं नाही, एवढंच. काल दुपारी चित्रं घेऊन पाड्यावर गेले. तुझी सासू दारात बसली होती. तिनं चित्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "ही मी? मी एवढी गप कवा निजते? तोंड उघडं काढ, मी घोरते." अनिता पहिल्यांदा हसली. मग तिनं एकेक चित्र बघितलं, गोधडीखालचे पाय मोजले, आणि चित्रं तुझ्या पेटीत ठेवली. तलासरीला झेरॉक्स काढून पाड्यापुरत्या वह्या करायच्या, वर तुझं नाव घालायचं, एवढं तिनंच ठरवलं. मला विचारलं नाही. बरं केलं.

दुपार होती. रुही पेंगत होती पण झोपत नव्हती. अनितानं तिला भुईवरच्या वाकळीवर घेतलं आणि थोपटायला लागली. डोसी तिथंच भिंतीशी आडवी झाली. अनितानं आधी तुझं गाणं म्हटलं. रुहीचे डोळे उघडेच. मग अनिता दुसरं काहीतरी म्हणू लागली. चार ओळी. मी कधीच ऐकल्या नव्हत्या. मी तुझी सगळी गाणी ऐकली आहेत असं मला वाटत होतं. त्यात तू होतीस आणि भुईवरची तुझी निजायची जागा होती, आणि शेवटच्या ओळीला ताल अगदी तुझ्या बोटांचा पडत होता.

मी हळूच विचारलं, "हे तिनं कधी केलं?"

"आयनं नाय," अनिता थोपटत थोपटत म्हणाली. "मी केलं. आताच."

माझा हात आपोआप पिशवीत गेला, वही आणि पेन काढायला. तिनं बघितलं.

"मावशी, नको."

"विसरशील गं."

"विसरेन तर विसरेन. तू लिवून घेतलंस की ते तुमचं होतं."

मी वही परत पिशवीत टाकली. त्या चार ओळी मला आत्ता, हे लिहिताना, तोंडपाठ आहेत. इथं मी त्या लिहिणार नाही.

अनितानं त्या पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या, या वेळी जरा संथ. रुही झोपली. डोसी घोरायला लागली. जाग्या आम्ही दोघीच राहिलो.